गाठीशी

इर्मट्राउट म्हणते, लोखंड इथं चालत नाही.
समुद्र मागं विसरून गेला, त्या वाळूचा हा दगड.
लोखंड घातलं की भेग झिजते,
पुढच्याला काही उरत नाही.
म्हणून दोऱ्या. म्हणून गाठी.

मी मनात हसले.
एकोणीस वर्षं फेरीबोटीवर दोर टाकतेय मी,
बाड शांडाउच्या धक्क्यावर, एल्ब फुगलेली असतानासुद्धा.
मला गाठी शिकवणार?

तिनं माझी गाठ घेतली, भेगेत सारली,
दोरीत पाय घालून उभी राहिली
आणि धपकन पानांच्या ढिगात.
तिथूनच, केसांतलं पान काढत, म्हणाली:
"तुझी गाठ सुटायला बांधलेली असते.
बोटीला सकाळी निघायचं असतं.
इथली गाठ अडली पाहिजे."

तीन रविवार जमिनीवरच गेले.
भेग वर रुंद कुठं, खाली ओठ कुठं मिटते,
हे बघायचं नाही म्हणे, बोटांनी विचारायचं.
तिची बोटं बत्तीस वर्षं झेब्निट्सच्या कारखान्यात
कापडी फुलांच्या पाकळ्या वळत होती,
अंगठा अजून चपटा आहे.
एका रविवारी पाऊस होता. ओल्या दगडाला
तिनं हातही लावू दिला नाही.
"चहात बुडवलेलं बिस्कीट आहे ते."
मग तिच्या स्वयंपाकघरात खुर्चीच्या पाठीत
गाठी अडकवत बसलो, आलुबुखारच्या केकसोबत.
खुर्ची मोडली. केक चांगला होता.

आणि मग मुकी घंटा नावाचा सुळका.
"गाठीशी किती आहेत?"
"सात."
"आज दोर तुझ्या वर नाही, मागं आहे."
एवढंच.

डोक्यावर दोर नसला
की आभाळ नको इतकं मोकळं दिसतं.
निळी बसवली. चढले.
लाल बसवली, जरा घाईनं. चढले.
दोर हलला, आणि लाल
भेगेतून अलगद निघून
सरसरत खाली गेली,
निळीपाशी जाऊन टेकली.

इर्मट्राउटनं पाहिलं. बोलली नाही.
तिच्या हातातला दोर तेवढा जागा झाला.

वर दोन माणसं उंचीवर कडी दिसत होती,
गंजलेली, जाड, आजोबांच्या काळातली.
खाली निळी.
हिशेब कठीण नव्हता: आत्ता पडले तर जमीन.
पोटऱ्या शिवणयंत्रासारख्या थरथरत होत्या
आणि कडी खरंच जवळ होती.

मी उतरले.
ज्या पायरीवर भरवसा ठेवून चढले होते
तिच्याकडंच परत, पाठमोरी, चाचपडत.
हिरवी काढली. माकडमूठ.
लाकडी उलथण्यानं ठोकली, दोनदा ओढली,
तिसऱ्यांदा रागानं.
भेगेची आणि तिची गाठ पडली.

कडीला स्वतःला बांधून हाक दिली तेव्हा
आवाज माझा वाटला नाही.
आता दोर मी ओढत होते
आणि दुसऱ्या टोकाला ती, सदुसष्ट वर्षांची, अनवाणी.
निळी काढली, लाल घेतली,
हिरवीपाशी थांबली.
उलथण्याची टकटक.
बराच वेळ टकटक.
मग एक शिवी, तिच्या आईच्या बोलीतली.
खाली नदीवर माझी बोट
दुसऱ्या कुणाच्या हाती पलीकडं चालली होती,
जराशी तिरकी.

माथ्यावर पत्र्याच्या डबीत वही असते,
दोऱ्याला बांधलेली पेन्सिल.
पुढं चढलेल्याचं नाव आधी लिहायचं, ही रीत.
इर्मट्राउटनं चष्मा लावला, पेन्सिल जिभेला लावली.
थेक्ला हेन्झेल.
खाली तिचं, जरा बारीक अक्षरात.
त्याखाली, शेऱ्याच्या रकान्यात:

एक दोरी भेगेत राहिली आहे. हिरवी.
निघत नाही.
लागली तर वापरा.